रोलरवरचं बिऱ्हाड

रस्ता दाबायचा रोलर एरवी ट्रकवर चढवून नेतात. पण ट्रक ऐन वेळी बंद पडला आणि नव्या रस्त्याचं काम उद्यावर येऊन ठेपलं होतं, म्हणून ड्रायव्हरने तो चालवतच न्यावा असं ठरलं. माणसाच्या चालीने जाणारं ते यंत्र. म्हणजे अख्खा दिवस वाटेतच जाणार. पन्नाशीच्या ड्रायव्हरचं आठवड्यापूर्वीच कचेरीत सह्या करून लग्न झालं होतं. साहेबांची परवानगी काढून त्याने बायकोलाही शेजारी बसवलं आणि नव्या कामावरच्या खोलीत मांडायला तिचं शिवणयंत्र चादरीत गुंडाळून मागे बांधलं.

ती शेहेचाळीस वर्षांची शिंपीण. सकाळपासून तिला हसू आवरत नव्हतं. दोन्ही बाजूंना पिकलेली शेतं सावकाश सरकत होती, एक गाय त्यांना मागे टाकून पुढे गेली होती आणि रोलरच्या हादऱ्यांनी प्रत्येक शब्दाचे चार तुकडे होत होते. त्यात ड्रायव्हरला एक खोड. उंचवटा दिसला की तो दाबल्याशिवाय पुढे जाणं त्याच्या जिवावर येई. पुढे, मागे, पुन्हा पुढे. हा रस्ता आपला नाही, असं तिने दोनदा समजावलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की रस्ता कुणाचाही असो, डोळ्यांत खुपतो तो आपल्याच.

पुढच्या वळणावर मात्र तिचं हसू विरलं. तिथे तिच्या दादाचं घर होतं. आईवडिलांमागे त्यानेच तिला वाढवलं होतं. लग्नाचं तिने त्याला आधी कळवलंच नाही. नंतर फोन केला, तेव्हा सगळं ऐकून घेऊन त्याने एक शब्दही न बोलता तो ठेवला. दादा आपल्याशी पुन्हा कधी बोलेल का, हा एकच प्रश्न आठवडाभर तिला छळत होता. आज त्याचं उत्तर ऐकायचा धीर तिच्यात नव्हता. पदर ओढून, तोंड फिरवून निसटायचं असं तिने ठरवलं होतं. बसमधून ते क्षणात जमलं असतं.

आणि नेमकं दादाच्या फाटकासमोर कुणीतरी नळासाठी खणून कसाबसा बुजवलेला चर होता. ड्रायव्हरचे हात आपसूक वळले. इथे नको, असं ती कुजबुजली. पण रोलरवर कुजबुजायचं तर ओरडावं लागतं. ते ओरडणं ऐकून दादा बाहेर आला. अनवाणी, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालावर साबणाचा फेस.

तो घड्याळं दुरुस्त करणारा शांत माणूस; भांडायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने एकदम मध्यापासूनच सुरुवात केली. ज्याला स्वतःचं घर नाही, रस्ता जाईल तिकडे ज्याचा मुक्काम, अशा माणसाबरोबर ती राहणार कुठे? रोलर पुढे गेला की तोही पुढे, मागे आला की मागे. चर सपाट झाला, रोलर वाटेला लागला, तरी दादा कडेने चालतच राहिला. गाव मागे पडलं. गालावरच्या फेसाचे वाळून पापुद्रे झाले.

"मला सांगितलं का नाहीस?" अखेर त्याने विचारलं.

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. म्हणून काय विचारायचंच नाही?"

तिचा आवाज कापत होता. रोलरवर सगळ्यांचाच कापतो, त्यामुळे ती रडते आहे की काय हे दोघांनाही कळलं नाही. "चुकलं, दादा," ती म्हणाली.

 ऊन चढलं होतं, डांबर तापलं होतं आणि दादा एकेका पायावर उड्या मारत चालला होता. ड्रायव्हरने मान न वळवता रोलर थांबवला. दादाने थोडा वेळ हट्टाने चटके सोसले. मग टॉवेल सावरत वर चढला आणि दोघांच्या मधोमध बसला. रोलर पुन्हा निघाला. काही अंतर गेल्यावर दादाने, कुणाकडेही न बघता, हे यंत्र किती वजनाचं, असं विचारलं. ड्रायव्हरने सांगितलं. दादाने मान डोलावली.

एवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. वहिनी दादाच्या चपला हँडलला अडकवून धापा टाकत येत होती. रोलरच्या बरोबरीला आल्यावर तिने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"अहो, अर्धी दाढी करून निघालात कुठे?"

दादाने घसा खाकरला. "भावोजींबरोबर जातोय. राहायची खोली कशी आहे, बघून येतो."

शिंपिणीने त्याच्या खांद्यावरचं टॉवेलचं टोक ओढलं आणि त्यात तोंड खुपसलं. तिला हसू फुटलं होतं. ते दादाच्या खांद्याला लागलं, तिथून ड्रायव्हरला. खोली बघायची तर बायकांनीच बघायला हवी, असं म्हणत वहिनीनेही सायकल मागे बांधायला लावली.