तनवीरच्या दुकानातला खराब ग्लोव्ह

माझा थोरला नातू प्रशील याचं लग्न झालं ते वर्ष २०२३. लग्न पारोळ्याला होतं. पंगतीत माझी नात मृणाली, प्रशीलची धाकटी बहीण, नवरीच्या मामाला जिलेबी वाढत होती, तेही डाव्या हातानं. माझी बायको नर्मदा हिनं मागून येऊन तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की जिलेबी मामाच्या टोपीवर गेली. लग्नाच्या व्हिडिओत ती टोपी अजून दिसते.

"डाव्या हातानं दिलेलं कोण खाईल?" असं नर्मदा म्हणायची. मृणाली चालायला लागली तेव्हापासून हे वाक्य घरात रोज एकदा तरी ऐकू यायचं. हळूहळू पोरगी उजव्या हातानं जेवायला लागली, लिहायलाही लागली. मला वाटलं, सवय सुटली.

त्याच पावसाळ्यात मृणाली नववीत गेली आणि शाळेच्या बेसबॉलच्या संघात तिचं नाव आलं. मिसबाह मॅडम नावाच्या नव्या खेळशिक्षिका आल्या होत्या. पोरगी मैदानामागच्या चिंचेवर दगड मारताना त्यांनी पाहिली. एका दगडात एक चिंच खाली येत होती. मॅडमनी रागवायचं सोडून तिचं नाव लिहून घेतलं.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, केळीच्या ट्रकवर असतो. दिल्लीला निघताना तो म्हणाला, "आबा, धुळ्याला निवड चाचणी आहे म्हणे. तिथं निवडली गेली तर खेळू दे. नाही तर हे खूळ बंद, नुसता अभ्यास. तेवढं सामान तुम्ही आणून द्या."

मग मी आणि मृणाली असोद्याहून एसटीनं जळगावला गेलो. खेळाच्या सामानाचं दुकान तनवीरचं. मी म्हणालो, "बेसबॉलची बॅट दाखव."

तनवीरनं मला वरून खाली पाहिलं. आवाज बारीक करून म्हणाला, "आबा, भांडण शेताचं आहे का घराचं?"

"भांडण कसलं? खेळायला पाहिजे."

"खेळायला?" तो उठलाच. आत बघून ओरडला, "अब्बा, बाहेर या! हे आबा बॅट खेळायला मागताहेत!"

त्याचे वडील रहीमभाई चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे नवल पाहावं तसे पाहत उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, या बॅटा खूप खपतात. ट्रकवाले नेतात, ढाबेवाले नेतात, बांधावरून वाद असलेले नेतात. पण सोबत बॉल मागणारे तुम्हीच पहिले."

बॅट झाली, बॉल झाला. ग्लोव्ह राहिला. एका शाळेनं मागे मागवले होते, त्यातले चार-पाच शिल्लक होते. तनवीरनं विचारलं, "कोणत्या हातानं फेकते?"

"उजव्या," मी छाती काढून सांगितलं. "आमच्या घरात सगळे उजव्या हाताचे."

"मग ग्लोव्ह डाव्या हातात."

हे मला पटेना. ज्या हातानं काम करायचं तो उघडा, आणि बिनकामाच्या हाताला चामड्याचं घर! पण तनवीरनं समजावलं, की एका हातानं झेलायचं आणि दुसऱ्यानं फेकायचं.

गल्ल्याजवळ आणखी एक ग्लोव्ह होता. त्यात रबरबँड, पेनं आणि दुकानाचा शिक्का ठेवलेला. मृणाली त्याच्याकडेच बघत होती.

"तो नको बघू बेटा," तनवीर म्हणाला. "तो खराब आलाय. सहा वर्षं झाली, कंपनी परत घेत नाही. उजव्या हातात बसतो. आता उजवा हात त्यात अडकवला, तर फेकायचं कशानं? पायानं?"

आम्ही तिघं म्हातारे-तरणे पोटभर हसलो. मृणाली हसली नाही. मी विचारलं, "काय गं, हाच घेऊ ना, चांगला?"

"घ्या आबा," ती म्हणाली. खाली बघून.

येताना बॅट माझ्या खांद्यावर होती. असोद्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा समोर शेजारी पितांबर उभा होता. याच्या मोरीचा पाइप अकरा वर्षं आमच्या अंगणात सांडत होता. मी सांगून थकलो, ग्रामपंचायत थकली. त्यानं बॅट पाहिली, मला पाहिलं आणि भराभर घराकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपाचं तोंड त्याच्या स्वतःच्या परसाकडे वळलेलं होतं. त्या खेळाबद्दल माझं मत तेव्हाच चांगलं झालं.

चाचणीला आठ दिवस उरले तेव्हा, रविवारी सकाळी, मिसबाह मॅडम स्कूटीवरून घरी आल्या. त्यांनी ग्लोव्ह खाटेवर ठेवला.

"आबा, हा कोणी आणला?"

"मीच. का, फाटला?"

"ग्लोव्ह चांगला आहे. पण ही पोरगी डावखुरी आहे. चिंचेवर दगड मारत होती ती डाव्या हातानं. हा ग्लोव्ह आणल्यापासून उजव्यानं फेकते. काल बॉल हेडसरांच्या चहात पडला."

मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी चुकतंय. आमच्या घरात डावखुरं कोणी नाही."

मृणाली दाराआड उभी होती. नर्मदा चुलीपासून उठून आली. "डावं-उजवं काय घेऊन बसलात? उजव्यानंच फेकायला शिकवा तिला. शिकवलं की येतं."

"येत नाही अक्का," मॅडम म्हणाल्या. "असा हात बदलला तर धुळ्याला ही पहिल्या पाच मिनिटांत बाहेर. डाव्यानं फेकली तर हिच्यासारखी दुसरी नाही. तुम्हाला सोपं वाटतंय, तर तुम्हीच दाखवा फेकून."

मॅडमना वाटलं असेल, म्हातारी गप्प बसेल. नर्मदानं पदर खोचला, बॉल उजव्या हातात घेतला आणि फेकला. बॉल तिच्याच पायापाशी पडला आणि कोंबडी ओरडत पळाली. मृणाली खुदकन हसली.

ते हसणं नर्मदाला लागलं. तिनं वाकून बॉल उचलला, डावा हात मागे नेला, एक गिरकी घेतली आणि सोडला. बॉल अंगणावरून, तुरीच्या काड्यांच्या ढिगावरून, भिंतीवरून गेला आणि पितांबरच्या पाइपावर बसला. पाइपाचं कोपर तुटून खाली आलं.

भिंतीपलीकडून पितांबरचं डोकं वर आलं. हात जोडून मला म्हणाला, "आधारभाऊ, पाइप तर मी वळवला ना! आता काय राहिलं?"

मी नर्मदाकडे बघत होतो. "तू डावखुरी?"

चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. "पंचावन्न वरीसमा तुम्हले दिखनं नही, आते इचारतस!"

मग ती ओट्यावर बसली आणि सांगायला लागली. माहेरी पारोळ्याला ज्वारीच्या राखणीला ती माळ्यावर असायची, गोफण डाव्या हातानं चालवायची, पाखरू बसू द्यायची नाही. लग्न ठरलं तेव्हा आत्यानं महिनाभर डाव्या हाताला मिरची चोळली. सासरी माणसं हसतील म्हणून. "बठ्ठं उजवानी शिकनू," ती म्हणाली. "फक्त नेम नही शिकता उना." सगळं उजव्यानं शिकली, नेम तेवढा शिकता आला नाही.

मला एकदम दुसरं आठवलं. गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा आम्ही दोघंही पहिल्या दिवशी गेलो होतो. मास्तरांनी तिच्या हातातली पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली होती आणि वर्ग हसला होता. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. मी मात्र जात राहिलो, आणि घरी येऊन तिला वाचून दाखवायचो, मोठ्या ऐटीत.

नर्मदानं मृणालीला जवळ ओढलं. जिथं चिमटा काढला होता, तो दंड चोळला. "दुकानात सांगितलं का नाहीस?"

"आबा इतके खूश होते," पोरगी म्हणाली. "आणि तू रागावली असतीस."

त्याच दुपारी आम्ही परत जळगावला गेलो. या वेळी नर्मदाही होती. मी तनवीरला म्हणालो, "तो खराब ग्लोव्ह दे."

तनवीर म्हणाला, "आबा, मी तुम्हाला फसवणार नाही. तो उलटा आहे."

"आमची पोरगीही उलटीच आहे," नर्मदा म्हणाली. "दे."

त्यानं रबरबँड, पेनं, शिक्का बाहेर काढला. मृणालीनं उजवा हात आत घातला, मूठ मिटली, उघडली. रहीमभाई कप खाली ठेवून हळू म्हणाले, "तनवीर, सहा वर्षं तू कंपनीला शिव्या देतोयस. आज फोन करून माफी माग." तनवीरनं नवा ग्लोव्ह परत घेतला आणि पेनं त्यात ठेवली.

धुळ्याला चाचणी झाली त्या दिवशी ऊन फार होतं. मृणालीनं पहिला बॉल टाकला तो समोरच्या मुलीला दिसलाच नाही. दुसऱ्याला तिनं बॅट फिरवली, तोवर बॉल मागच्या मुलीच्या हातात होता. निवड करणारे सर खुर्ची पुढे ओढून बसले. नर्मदा माझ्या कानाशी म्हणाली, "हात जरा वर पाहिजे. गोफणीला चालत नाही असं."

दुपारी भिंतीवर यादी लागली. मी वरून वाचत गेलो. पाचवं नाव मृणालीचं. नर्मदानं विचारलं, "कुठं?" मी दाखवलं. तिनं डाव्या हाताचं बोट त्या नावावर ठेवलं आणि लोक मागून ढकलत होते तरी काढलं नाही.

नंतर झाडाखाली तिनं डबा उघडला. कळण्याची भाकर आणि ठेचा. पहिली भाकर मिसबाह मॅडमना दिली, डाव्या हातानं. मॅडमनी ती घेतली, खाल्ली आणि दुसरी मागितली.

त्या हिवाळ्यात नर्मदा मृणालीच्या वहीत अक्षरं काढायला बसली. डाव्या हातानंच. पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. दुसरं पितांबरचं, कारण त्याचा पाइप पुन्हा आमच्या अंगणाकडे वळला होता आणि तिला अर्ज करायचा होता.

पुढच्या हिवाळ्यात नर्मदा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, असोद्याला घरीच वारली.