विहिरीपर्यंतची पावलं

१९९६च्या डिसेंबरात वसईतल्या होळी नावाच्या गावात, वॉल्टरच्या वाडीत एक अनोळखी बाई पावलं मोजताना सापडली. घराच्या ओट्यापासून ती विहिरीकडे निघाली होती. ओठ हलत होते, हातात वही होती. अठ्ठावीसपर्यंत पोचली आणि केळींच्या आडून वॉल्टर समोर आला.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मी कादंबऱ्या लिहिते."

"कादंबरीला मोजणी कशाला लागते?"

त्या दिवसांत वसईत हा प्रश्न कोणीही विचारला असता. वाडीत अनोळखी माणसं यायची, गोड बोलायची, आणि सहा महिन्यांनी कुंपण भलत्याच जागी सरकलेलं असायचं. वॉल्टर शाळेत गणित शिकवायचा. त्याचा आकड्यांवर विश्वास होता, माणसांवर कमी.

बाईचं नाव मनोरमा राजवाडकर. ती स्टेशनच्या पलीकडे, एव्हरशाईन सिटीत राहायची. नवरा जितेंद्र मुंबईला बँकेत होता. मनोरमाच्या तीन ऐतिहासिक प्रेमकथा वाचनालयांतून फिरत होत्या. चौथी होती पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षातली, वसईच्या एका मुलीची आणि मराठ्यांच्या छावणीतल्या जासुदाची. पण पात्राच्या पायाखालची जमीन दिसल्याशिवाय मनोरमाला ओळ सुचत नसे.

"माझ्या नायिकेला चर्चची घंटा वाजून थांबायच्या आत विहिरीपर्यंत पळायचंय," ती म्हणाली. "ते जमतं का, एवढंच बघत होते."

ओट्यावर त्याची आई सालोमी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. सत्तरी उलटलेली, ताठ पाठीची बाई. ती हसली. "बसू दे तिला," असं म्हणून तिने मुलाला घरच्या बोलीत आणखी काहीतरी सांगितलं. मनोरमाला ते कळलं नाही. वॉल्टर मात्र बाजूला झाला.

मग दर गुरुवारी मनोरमा येऊ लागली. सालोमी जुड्या बांधता बांधता बोलायची. याच घरात म्हणे बायजा नावाची मुलगी होती. तिचा जीव एका घोडेस्वारावर जडला होता. त्याची वाट बघायची तर विहिरीवर थांबायला निमित्त हवं. मग ती घागर भरायची, इकडेतिकडे बघायची आणि सगळं पाणी परत विहिरीत ओतायची. पुन्हा भरायची.

हे ऐकलं त्या गुरुवारी मनोरमाने बसमध्येच वही उघडली. बायजा तिला सापडली होती.

सालोमी मधूनच दुसरंही बोलायची. "विहीर आता आलोशियसची हो, आमच्या दिराच्या मुलाची. माहीमला असतो. विकायची म्हणतोय, गिऱ्हाईक बघतोय." मनोरमा तेही लिहून घ्यायची. वहीत सगळंच जायचं.

प्रकरण लिहायला घेण्याआधी ते कुणाला तरी सांगून बघायची तिची जुनी सवय होती. शेजारची हंसा दुपारी मटार सोलत बसायची, तिला ती सगळं सांगायची. हंसाचा हात थांबला की तो प्रसंग ठेवायचा. हंसाने घड्याळाकडे बघितलं की कापायचा.

फेब्रुवारीपर्यंत मनोरमाच्याच मनात पाल चुकचुकायला लागली. बायजा एका गुरुवारी सतरा वर्षांची असायची, दुसऱ्या गुरुवारी बावीस. वॉल्टर बाहेर आला की घोडेस्वार तिथेच थांबायचा आणि फुलकोबीच्या किडीची गोष्ट सुरू व्हायची. एकदा ती हात धुऊन आली, तर वॉल्टर तिची वही वाचत उभा. त्याने शांतपणे वही मिटून परत दिली. आणि सालोमी सारखी विचारायची, तुमच्या मजल्यावर कोण कोण राहतं, कोण काय धंदा करतं. म्हातारीला ते कशाला हवं होतं?

मार्चमधल्या एका गुरुवारी वॉल्टर फाटकातच उभा होता.

"काल एक माणूस स्कूटरवरून आला होता. अल्पेश नावाचा. आलोशियसची विहीर कुठली, म्हणून विचारत होता."

अल्पेश म्हणजे हंसाचा नवरा. फ्लॅटच्या खरेदी-विक्रीची दलाली करायचा.

"मग?" मनोरमाने विचारलं.

"आलोशियस नावाचं आमच्यात कोणी नाही. आईने ते नाव फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

"म्हणजे तीन महिने तुम्ही माझी परीक्षा घेत होता?"

"हो. आणि निकाल लागला."

त्याने फाटक लावलं. मनोरमा संतापून परतली ती थेट हंसाच्या दारात. हंसाने दार उघडताच तिने विचारलं, तेव्हा हंसा गोंधळली. "मी तर फक्त स्टोरी सांगितली त्याला, बायजाची. तो बोलला, विहीर कुणाची आहे? मी बोलले, आलोशियसची. त्यात काय झालं?"

रात्रीच्या जेवणाला जितेंद्र म्हणाला, "परत तिकडे जाऊ नकोस. जमिनीच्या भानगडीत माणसं मार खातात." मनोरमाने मान डोलावली. पण तिचा राग आता हंसावर नव्हता, वॉल्टरवरही नव्हता. त्याचा संशय चुकीचा होता आणि तरी बरोबर ठरला होता. वाडीतली गोष्ट तिच्याच तोंडून दलालापर्यंत गेली होती.

दुसऱ्याच दिवशी ती गेली. फाटकाबाहेर उभं राहून तिने काही न लपवता सगळं सांगितलं. मटार, हंसा, अल्पेश. वॉल्टरने कडीला हात लावला नाही. शेवटी सालोमीनेच येऊन कडी काढली.

"मावशी, बायजापण खोटीच का?"

सालोमीने आधी मुलाकडे बघितलं. "आलोशियस तुला पकडायला सांगितला, बाय. घागर ओतायची, ते खरं. बाकीचं तू घाल."

मनोरमा तिचा चेहरा निरखत राहिली. ही म्हातारी आत्ता तरी खरं बोलतेय का, हे तिला ओळखता येईना. आणि घागर ओतणारी ती बाई नक्की किती जुनी, की समोरच उभी, हेही विचारायचं धाडस झालं नाही.

तिने कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. गाव बदललं, नावं बदलली, विहिरीच्या जागी तळं आणलं. या वेळी कुणालाही एक ओळ सांगितली नाही. कुठे हात थांबला असता आणि कुठे घड्याळाकडे नजर गेली असती, ते आता तिचं तिलाच ठरवावं लागत होतं. दीड वर्ष गेलं.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत तिने वाडीत नेऊन दिली. वॉल्टरने ती नाताळच्या सुट्टीत, हातात पेन्सिल धरून, पानन् पान वाचली. जानेवारीत मनोरमा गेली तेव्हा त्याने आतून खुर्ची आणून ओट्यावर ठेवली.

"यावरून आमचं घर कुणाला सापडणार नाही," तो म्हणाला.

सालोमीने चहा दिला. गुडघ्यांविषयी बोलली, चर्चच्या सणाविषयी बोलली. त्यानंतरही मनोरमा वर्षातून तीन-चार वेळा जात राहिली. बायजाचं नाव सालोमीने पुन्हा कधी काढलं नाही, आणि मनोरमानेही विचारलं नाही.