मार्जरीच्या झडपेवरची इस्त्री

मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे, पण मला ‘ते’ म्हणायचं नाही. मी मार्जरी आहे.

मित्रांनो, डरहॅमच्या कोळसाखाणीवरच्या लोहारांनी मला ठोकून ठोकून घडवलं. माझ्या पोटात एकच जाड नळी. तिच्यातून आग जायची, भोवतीचं पाणी उकळायचं. तेवढ्यावर रुळावरून कोळशाचे डबे ओढत मी कित्येक घोड्यांना घरी बसवलं.

माझा चालक कथबर्ट ऑर्ड. मला रोज पुसायचा, स्वतःचं तोंड मात्र रविवारी धुवायचा. मग नवी इंजिनं आली. त्यांच्या पोटात बारीक नळ्यांचा जुडगा, त्यामुळे वाफ चटकन तयार. त्यातलं एक कथबर्टच्या मेहुण्याला, लान्सलॉटला मिळालं.

“दाजी, तुमची म्हातारी चढ चढेपर्यंत मी जेवून येतो,” तो म्हणाला.

“ये की. नाहीतरी बहिणीकडंच गिळतोस.” कथबर्ट हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

माझ्या पाठीवर एक झडप होती. वाफ फार झाली की ती उचलली जायची आणि जादा वाफ बाहेर पडायची. झडप दाबून राहावी आणि जोर वाढावा म्हणून चालक तिच्या दांडीला काहीबाही टांगायचे. त्या शनिवारी कथबर्टनं घरची लोखंडी इस्त्री टांगली. मी हबकलेच. मला पुसणारा हात तो!

चढाच्या पायथ्याशी थांबलो तेव्हा माझे सांधे करकरत होते. ओरडायची वाटच बंद. तेवढ्यात त्याची बायको इझाबेल तणतणत आली.

“अहो, उद्या प्रार्थनेला चुरगळलेला सदरा घालणार का? माझी इस्त्री कुठं...” तिला ती दिसली. ती म्हणाली, “माझ्या थोरल्या दादानं असंच टांगलं होतं. त्याचे नुसते बूट घरी आले.”

“चढापुरतीच आहे गं.”

तिनं हाताला कमरेचा एप्रन गुंडाळला आणि इस्त्री ओढून काढली. वाफ किंचाळत सुटली. माझा जोर सरला, मी जागीच राहिले. मागं उभा लान्सलॉट पोट धरून हसत होता.

“चारचौघांत नाक कापलंस माझं,” कथबर्ट म्हणाला.

लोहार आला, माझं पोट वाकून पाहिलं आणि थांबला. पत्रा पावासारखा फुगला होता. “ही चढ चढली असती, तर आम्ही तुला टोपलीत गोळा केलं असतं,” तो म्हणाला.

लान्सलॉटचं हसू तोंडातच राहिलं. कथबर्ट रुळावर मटकन बसला.

आता नव्या इंजिनांना दुसरी झडप असते, कुलुपात, चालकाचा हात पोचणार नाही अशी. मी खाणीतलं पाणी उपसते, बेतानं. मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, मागं टाका, हवं तर मोडीत काढा. पण माझा मान राखायचा म्हणून माझा श्वास कोंडू नका.