अर्ध्या तासाचा नियम

माझं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, वॅक्सचं भांडं आणि कोपऱ्यात माझ्या मुलीचं स्टूल. ती साडेचार वर्षांची, चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. भुवईवर दोरा चालवताना पोर पायात आलं की गिऱ्हाईकाची भुवई गेलीच, म्हणून तिच्या हातात टॅब दिला. दोन वर्षं दिला, खोटं कशाला बोलू? खुर्चीतल्या बायका म्हणायच्या, किती शहाणं लेकरू, हूं नाही की चूं नाही. ते कौतुक मला गोड लागायचं.

माझी नणंद बालवाडीत शिकवते. तिला जगातल्या सगळ्या मुलांची काळजी, आणि माझ्या मुलीची अंमळ जास्तच. एका रविवारी ती आली आणि दारातून मुंगीला हाका मारत बसली.

"वहिनी, चार हाका मारल्या. पोरगी ढिम्म. हे व्यसन आहे, सांगून ठेवते. अशाने पोर हातची जाईल."

सकाळी सातला बाहेर पडून रात्री आठला उगवणाऱ्या माझ्या नवऱ्याने अशी मान डोलावली, जशी मुंगीला एकट्याने वाढवतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं.

मग नियम झाला. दुपारी अर्धा तास टॅब, त्यापुढे नाही. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ वाजलं की मुंगीने स्वतः टॅब बंद करून माझ्या हातात द्यायचा. पहिला आठवडा तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मग बरी शिकली. पण मधूनच काय व्हायचं, गजर वाजून जायचा आणि ही काचेवर बोट ठेवून तशीच. मी टॅब हिसकावला तरी रडायची नाही. थोड्या वेळाने झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघायची आणि विचारायची, "वाजलं?"

त्या "वाजलं?"ने माझं डोकं फिरायचं. मला वाटायचं, एवढीशी पोर मला खेळवतेय.

एकदा गिऱ्हाईकाच्या केसांना रंग लावलेला, तो धुवायची वेळ झालेली, आणि गजर वाजला. तीनदा म्हटलं, दे. दिला नाही. मी जाऊन थोबाडीत दिली. तिचं तोंड वळलं, पण नजर हलली नाही. मग पापण्या मिटमिटल्या आणि ती म्हणाली, "वाजलं?" मी दुसरी दिली. आरशातून बघणाऱ्या बाईने मान खाली घातली. त्यानंतर माझा हात सैल सुटला. नियम पाळला जात होता आणि मी त्यावर खूशही होते.

नणंदेने मग फर्मान काढलं, टॅब पूर्ण बंद. तो कपाटावर गेला. मुंगी कोपऱ्यात जुने कंगवे रंगांप्रमाणे लावत बसू लागली. दहाव्या दिवशी मी तिला भरवत होते. घास तोंडाशी नेला, तिने तोंड उघडलं आणि तशीच राहिली. डोळे माझ्यावर, पापण्या बारीक थरथरत होत्या. समोर टॅब नव्हता, काहीच नव्हतं. मीच होते. मी अकरापर्यंत मोजलं. मग तिने घास घेतला आणि चावायला लागली. मी तशाच खरकट्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

मुंगीला घेऊन मी, नवरा आणि नणंद डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुंगीच्या हातात कागदाची लांब पट्टी दिली आणि म्हणाले, "फुंकर मार. मारत राहा, थांबायचं नाही." दोन मिनिटं पट्टी फडफडत होती. मग थांबली. मुंगीची नजर भिंतीवर थिजली. डॉक्टर मनगटावरचं घड्याळ बघत हळू आवाजात बोलू लागले.

"ही आकडी आहे. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, म्हणून घरात लक्षात येत नाही. त्या वेळी तिला काही ऐकू येत नाही, काही कळत नाही. औषधाने बहुतेक आटोक्यात येईल. यात टॅबचा काही दोष नाही."

नणंद रडायला लागली. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी ठेवला असेल. त्यांना वाटलं, मी सुटले.

"घरी हे केव्हापासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात मुंगी भानावर आली. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो. तिने एका हाताने पटकन गाल झाकला आणि दुसऱ्या हाताने ती कागदाची पट्टी माझ्यापुढे धरली.

"देते, आई," ती म्हणाली. "मी लगेच देते."

डॉक्टरांनी तिच्या गालावरच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांद्यावरचा नवऱ्याचा हात निघाला. मी ती पट्टी घेतली.