वॉलायचे मणी

इर्मा गेल्याचं सकाळी दवाखान्यातून कळलं, आणि दुपारपर्यंत अमेरिकेतल्या मिल लॅक्स तळ्याकाठचे सगळे मासेमार हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या घरगुती जेवणाची, भांडी घेऊन तिच्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या, घरी हजर झाले. त्यांच्यातल्या क्लेटसने ऑर्विलच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार चांगली होती रे," तो म्हणाला, आणि लगेच त्याने विचारलं, "बोट वाऱ्यावर सोडल्यावर वॉलाय मासा पकडायला तू गळाच्या दोरीत कुठल्या रंगाचे मणी लावतोस?"

"आज हे विचारतोस?"

"तीस वर्षं लपवलंस, गड्या. उद्या तूही गेलास तर?"

बाकीच्यांनी चमचे खाली ठेवून कान टवकारले. दोन गळ, चकती आणि मणी आपणच दोरीत ओवतो, अशी बढाई ऑर्विल तीस वर्षं मारत आला होता. ओवायची इर्मा. तो फक्त गळाला गांडूळ टोचायचा आणि फोटोत मासा धरायचा.

"सगळं इर्मा बांधायची," तो म्हणाला. "मला साधी गाठसुद्धा येत नाही."

सगळे खो खो हसले.

"बिचारीच्या नावाआड लपतोय लबाड!" क्लेटस म्हणाला. "नको सांगूस, जा!"

शनिवारी चर्चमध्ये, तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून, ऑर्विलने तेच पुन्हा सांगितलं. लोकांना वाटलं, नवऱ्याची माया; खरं कुणीच मानलं नाही. तिचं कसब तिच्या नावावर करणं त्याचं अजून राहिलंच आहे.