दोन फाटकं, एक रंग

दोन भावांनी तरुणपणी एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून दोन घरं बांधली, तेव्हा मधली भिंत किती जाड हवी हे त्यांनी बायकांना विचारलं नाही. एका विटेत काम भागतंय म्हणून एकच वीट घातली. त्यामुळे थोरलीनं कपाटाचं दार जोरात लावलं की धाकटीच्या घरातल्या बशा वाजायच्या, आणि धाकटीनं नवऱ्याला रात्री काही सुनावलं की सकाळी थोरली दिराला फाटकाशी गाठून विचारायची, "भावजी, काल फार झालं का हो?"

म्हणूनच धाकटीनं घर विकायचं काढलं. लोकांना सांगायला कारण होतं नवऱ्याचे गुडघे. झोपायची खोली वर, जिना अरुंद, आता लिफ्टवाली जागा बरी. नवऱ्याला स्वतःच्या गुडघ्यांबद्दल एवढी काळजी नव्हती, पण कारण चांगलं होतं म्हणून तोही चारचौघांत जरा लंगडून चालायला लागला.

दलाल पहिल्यांदा आला त्या दिवशी धाकटीनं बैठकीची खोली आरशासारखी केली होती. उशांना नवे अभ्रे, टेबलावर फुलं, स्वयंपाकघरात एकही डबा बाहेर नाही. दलाल मात्र आत आलाच नाही. पोरगेलासा होता, पण बोलायचा पोक्त. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "काकू, आतलं राहू द्या. जरा इकडे या, माझ्या बाजूला उभ्या राहा."

धाकटी रस्ता ओलांडून गेली आणि वळून पाहिलं. घरातून रस्ता ती रोज बघायची, रस्त्यावरून घर बघायची वेळ कधी आलीच नव्हती. दाराच्या रंगाचे पोपडे निघाले होते. फाटक एका बिजागरीवर कलून उभं होतं, बसची वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखं. पन्हाळीखाली भिंतीवर काळा ओघळ, दिव्याच्या काचेत मेलेले किडे, आणि घराच्या नंबरातला एक आकडा केव्हाच गळून पडलेला.

"गिऱ्हाईक गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत हो की नाही ते ठरवतं," दलाल म्हणाला. "आत येतं ते आपलं बरोबर होतं की नाही हे बघायला. फार खर्च नका करू. दार, फाटक, दिवा आणि चार कुंड्या. तोंड हसरं दिसलं पाहिजे घराचं."

थोरली आपल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "घराला बघायला येणार वाटतं?" ती म्हणाली. "मग आधी कान-मान धुवून काढ हो त्याचे."

धाकटीनं ऐकू न आल्यासारखं केलं. त्या पातळ भिंतीमुळे न ऐकण्याच्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

खर्च बेताचा करायचा म्हणजे मजूर नवराच. त्यानं चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासल्या होत्या, त्यामुळे दारही तो तसंच घासायला बसला. वीतभर जागा पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारायची, मान तिरकी करून बघायची, परत घासायची. "त्यातून वाचायचं नाहीये आपल्याला," धाकटी दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही, कारण पलीकडून थोरलीच म्हणाली, "करू दे गं त्यांना. नंबर लागेल दाराला."

रंगासाठी दोघं दुकानात गेली. कोपऱ्यात काही डबे स्वस्तात ठेवलेले होते. कुणीतरी खास मिसळून घेतलेला आणि मग न नेलेला रंग. हिरवा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर हिरवा.

"हा रंग मोठ्या लोकांच्या दाराला असतो," दुकानदार म्हणाला.

"मग त्यांनी का नेला नाही?" धाकटीनं विचारलं.

"मोठी माणसं, बाई. त्यांचा विचार बदलतो. आपला बदलून कसं चालेल?"

सगळेच डबे घेतले तर तो आणखी कमी करायला तयार होता, आणि स्वस्त वस्तू गरजेपेक्षा जास्त घेतली की बचत होते असं धाकटीचं मत असल्यामुळे सगळेच डबे घरी आले.

रंग मात्र सुरेख निघाला. दार असं शांत आणि खानदानी दिसायला लागलं की वर्तमानपत्र टाकणारा ते अलगद ठेवून जायला लागला. फाटकाची बिजागरी नवऱ्यानं वायसर घालून सरळ केली, ओघळ ब्रशनं घासून काढला, दिवा उतरवून धुतला. रोपं विकत न घेता मागच्या बाजूच्या दाटलेल्या रोपांच्या फांद्या तोडून जुन्या कुंड्यांत लावल्या. गळलेला आकडा मिळाला नाही, म्हणून सगळाच नंबर नव्यानं भिंतीवर रंगवला. धाकटी दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून रस्त्यापलीकडे जायची आणि वळून बघायची.

आणि तरी गिऱ्हाईक टिकेना. एक गाडी घरासमोर हळू झाली आणि पुन्हा वेग घेऊन गेली. दुसरं जोडपं फाटकापर्यंत आलं, शेजारी बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि "फोन करतो" म्हणून गेलं.

दलालानं फोनवर घसा साफ केला. "काकू, तुमचं घर झकास झालंय. पण त्यामुळे झालंय काय, शेजारचं दिसायला लागलंय."

ते खरं होतं. आधी दोन्ही घरं सारखीच कळकट होती, त्यामुळे नजर कुठे अडत नव्हती. आता थोरलीचं गंजकं फाटक, एकमेकींच्या आधारानं उभ्या असलेल्या तीन पायांच्या दोन खुर्च्या आणि दाराशेजारी उभं असलेलं बंद पडलेलं कपडे धुण्याचं यंत्र, सगळं उठून दिसत होतं. ते यंत्र थोरल्या दिरांनी दुरुस्तीसाठी म्हणून बाहेर काढलं होतं, आणि मुहूर्त अजून यायचा होता.

धाकटी दोन दिवस घुटमळली. मग पदर खोचून पलीकडे गेली.

"वहिनी, तुमचंही फाटक जरा रंगवून घेतलं तर?"

"माझं स्थळ कुठे बघताय?" थोरली म्हणाली. "विकतेस तू आणि नटायचं मी?"

"तुम्हाला काही करायला नको. रंग आमचा, हात आमचे."

थोरलीनं विचार करायला मुद्दाम वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रंगाचे दोन हात द्यावे लागतील," ती म्हणाली. "एका हाताचं काम मला चालत नाही. आणि आधी सगळा गंज काढायचा. वरवर नाही."

"हो."

"दारही."

धाकटीनं उरलेले डबे मनात मोजले. "दारही."

थोरले दीर आतून म्हणाले, "मशीन हलवू नका हं. मोटर चांगली आहे त्याची."

"मोटर चांगलीच आहे," थोरली म्हणाली. "फक्त चालत नाही. अगदी तुमच्यासारखं."

मशीन मागच्या बाजूला गेलं. दिरांनी त्याच्यावर चादर घातली, आजारी माणसाला घालावी तशी.

पुढचे दिवस थोरलीनं खुर्ची टाकून देखरेख केली. धाकटी शिडी धरायची, नवरा वर चढायचा आणि थोरली खालून सांगायची, "भावजी, डावीकडे राहिलंय. तुमच्या डावीकडे नाही हो, माझ्या." चहा मात्र ती वेळच्या वेळी आणायची, आणि धाकटीच्या कपात न विचारता साखर कमी घालायची. धाकटीला कमी साखर लागते हे तिला कधी सांगितल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. भिंतीतून ऐकू आलं असेल, असं म्हणून तिनं तो विषय मनातल्या मनात संपवला.

काम झालं त्या संध्याकाळी धाकटी तिला बळंच रस्त्यापलीकडे घेऊन गेली. थोरली पायऱ्या उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत होती. तिकडे उभं राहून तिनं बराच वेळ दोन्ही घरांकडे बघितलं. एकाच रंगाची दोन दारं, दोन फाटकं. एखाद्या चांगल्या घरातल्या दोन बहिणी दारात येऊन उभ्या राहाव्यात तशी.

"कसं वाटतंय?" धाकटीनं विचारलं.

"बरं आहे," थोरली म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकायला माणसं वर्षानुवर्षं थांबत.

त्यानंतरच्या रविवारी दलाल एक नर्स आणि तिची आई अशा दोघींना घेऊन आला. धाकटी दारात हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. नर्स आणि दलाल गाडी नीट लावेपर्यंत आईला धीर निघाला नाही. म्हातारी तुरुतुरु चालत आली, दोन सारख्या फाटकांतलं पहिलं उघडलं आणि थोरलीच्या दाराची कडी वाजवली.

धाकटी सांगायला पुढे झाली, पण तोवर दार उघडलं होतं. थोरलीनं म्हातारीला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, "या ना."

नर्स आईला आणायला म्हणून मागोमाग आत गेली ती तिकडचीच झाली. दलाल दोन्ही दारांच्या मधोमध उभा राहून फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचू लागला. धाकटी आत येऊन भिंतीला कान लावून बसली. नवरा म्हणाला, "अगं, बरं दिसतं का?" आणि तोही शेजारी येऊन बसला.

पलीकडे थोरलीचा आवाज खणखणीत होता. "हा नळ गळतो, पण उजवीकडे दाबून फिरवला की नाही गळत. या खिडकीतून उन्हाळ्यात फार तापतं, पडदा जाड घ्या. जिना वाईट आहे, तुमच्या वयाला मी खालचीच खोली सांगेन." म्हातारी हसत होती. तिच्या घरी गळका नळ बदलून चकचकीत नवा बसवला होता, आणि इथे गळक्या नळाचं कौतुक चाललं होतं.

नंतर दोघी धाकटीकडे आल्या. खोल्या बघितल्या, "छान ठेवलंय" म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. म्हातारी जाताना पलीकडच्या फाटकाशी पुन्हा थांबून काहीतरी बोलली.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला. तो इतका गोड बोलत होता की धाकटीला आधीच कळलं. त्यांना घर आवडलं होतं. शेजारचं.

धाकटी तशीच उठून गेली. "वहिनी, गिऱ्हाईक माझं होतं."

"दार तिनं माझं वाजवलं."

"तुम्हाला तर विकायचंच नव्हतं. रंग आमचा, गंज आम्ही काढला, यांनी शिडीवर उभं राहून…"

"बस," थोरली म्हणाली. "उभ्यानं भांडलीस की तुझा आवाज चिरका होतो."

धाकटी बसली. थोरलीनं आवाज खाली आणला, आणि ही गोष्ट इतकी नवीन होती की धाकटीचा राग जरा गोंधळला.

"लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर जागा रिकामी आहे," थोरली म्हणाली. "ती कधीची मागे लागलीय. मीच नको म्हणत होते. जिना मला आता जमत नाही गं. रात्री उठून बाथरूमला खाली यावं लागेल म्हणून मी पाणीच पीत नाही."

"मग बोलला नाहीत कधी."

"कशाला बोलू? तू जाणार म्हणालीस तेव्हापासून मी रोज विचार करतेय, पलीकडे कोण येईल, कसं येईल. कुणी तरी जाणारच असेल, तर मागे राहणारी मी कशाला होऊ? आधी निघते तिचं बरं असतं."

धाकटीनं खिडकीतून रंगवलेल्या फाटकाकडे बघितलं. ती म्हणाली, "गंज तरी काढायला लावायचा नव्हता एवढा."

"मग त्या म्हातारीला काय गंजकं फाटक देऊ?" थोरली म्हणाली. "इतकी वर्षं राहिले मी इथे."

महिन्याभरात थोरलीचं सामान गेलं. चादर घातलेलं मशीनही गेलं, दीर स्वतः त्याच्या शेजारी ट्रकमध्ये बसून गेले. नर्स आणि तिची आई राहायला आल्या. शांत माणसं. नर्स कामावरून आली की झोपायची, म्हातारी मऊ चपला घालून फिरायची. बशा वाजायच्या बंद झाल्या. धाकटीनं नवऱ्याला एकदा चांगलं मोठ्या आवाजात सुनावलं, तरी सकाळी फाटकाशी त्याची कुणी चौकशी केली नाही.

दलाल दुसरं गिऱ्हाईक आणतो म्हणाला, तेव्हा धाकटीनं सांगितलं, "सध्या राहू दे."

"आणि माझे गुडघे?" नवऱ्यानं विचारलं.

"दोन घरं रंगवलीत शिडीवर चढून. कुठे होते तेव्हा गुडघे?"

नवऱ्यानं त्या दिवसापासून लंगडणं सोडून दिलं. त्याला त्याचा कंटाळाच आला होता.

एका दुपारी धाकटी दोन बस बदलून थोरलीच्या नव्या घरी गेली. थोरलीनं दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत वळली. चहा झाला. कपात साखर कमीच होती.

"कशी आहे माझ्या जागी आलेली?" थोरलीनं विचारलं.

"चांगली आहे," धाकटी म्हणाली. "फार चांगली. कधी कुणाला काही बोलत नाही."

"अरे देवा. मग तुझं कसं चाललंय?"

"म्हणून तर आले," धाकटी म्हणाली, आणि खुर्ची जरा जवळ ओढून बसली.