सहा खांबांचे सदरे

आईची नजर गेली तेव्हा तिने रडारड केली नाही, क्रोशाची सुई मागितली. आमच्या दारापासून बागेपर्यंत दिव्याचे सहा खांब. प्रत्येकाला तिने लोकरीचा सदरा विणला. पहिल्याला बारीक जाळी. तिसऱ्याला गोंडे, म्हणजे इथे उजवीकडे वळायचं. चौथ्याला जाड वेणी, म्हणजे पुढे पायरी. येणारेजाणारे कौतुकाने फोटो काढायचे. आई मात्र खांब चाचपत एकटी बागेत जायची, मैत्रिणींशी मनसोक्त भांडून एकटी परत यायची. मी सोबत निघाले की म्हणायची, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

एका मंगळवारी नगरपालिकेची माणसं आली आणि सगळं उतरवून घेऊन गेली. ना नोटीस, ना विचारणा. मी कामावर होते. आईच्या हाताला नुसतं गार लोखंड लागलं, तरी ती हट्टाने पुढे गेली. वळण चुकलं आणि गटारासाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. मनगट मोडलं. त्यानंतर तिने उंबरठा ओलांडला नाही.

महिनाभर मी नगरपालिकेत खेटे घातले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, साहेब जेवायला. मग शेजारीण सांगत आली, की तुझ्या आईचं विणकाम नगरपालिकेच्या प्रदर्शनात टांगलंय. माझं डोकंच फिरलं. तशीच आईला गाडीत घालून तिथे नेलं.

भिंतीवर सहाही सदरे, खाली 'शहराची लोककला' अशी पाटी, आईचं नाव कुठेच नाही. पुढे दोरी. साहेब पाहुण्यांना चहा देत होते.

आईने हात पुढे केला.

"आजी, हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"मग बघू कशी रे?" म्हणत तिने लोकर पकडलीच. कडेवर तिची बोटं थबकली. "कात्रीने कापलंय! एका दोऱ्याची शिवण होती. दोरा ओढला असता तर अख्खं निघालं असतं. एवढीही अक्कल नाही?"

साहेब हसत आले. "आजी, आम्ही तुमची कला जपलीय. उन्हापावसात वाया गेली असती."

"चुलीत गेली कला!"

आईला इतकं चिडलेलं मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

प्लास्टरमधला हात तिने माझ्याकडे वळवला. "काढ गं ते सगळं खाली. मला एकटीने बागेत जायचंय."